भाजलेली वांगी घ्यावीत, भरीत घरी करावे : जळगावातील एका हंगामी भरीत केंद्राविषयी

दिवाळी सरून थंडी पडू लागली की जळगाव शहरात आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर भरीत केंद्रे सुरू होतात. त्यांपैकी असोद्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका केंद्राविषयी येथे लिहीत आहे. दर्शनी भागात मोठी पाटी नाही. काळ्या फळ्यावर खडूने ‘भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वांगी भाजून मिळतील’ एवढेच लिहिलेले असते. (कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ.) येणारी बहुतेक गिऱ्हाइके तयार भरीत आणि पुऱ्या बांधून नेतात. माझ्या मते मात्र या केंद्राची खरी सेवा वांगी भाजून देण्याची आहे. घरच्या जेवणाला किंवा दहा-पंधरा पाहुण्यांच्या साध्या बेताला भरीत करायचे तर सर्वांत कष्टाचे काम भाजण्याचेच असते, आणि ते एकदा उत्तम होऊन हातात आले की पुढचे सारे अर्ध्या तासात, आपल्या घराच्या तिखट-मिठाच्या अंदाजाने होते.

वांगी हे केंद्र स्वतःच आणते. जळगाव जिल्ह्यातल्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बामणोद, भालोद, असोदा या गावांची नावे त्या वांग्याशी पूर्वीपासून जोडलेली आहेत. फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेषा असलेले, हातात घेतले की जड न वाटणारे हे वांगे इतर ठिकाणच्या जांभळ्या वांग्यापेक्षा वेगळे असते. त्यात बिया कमी, गर भरपूर आणि साल पातळ, त्यामुळे भाजल्यावर ती सहज सुटते आणि गराला लोण्यासारखी मऊपणाची कळा येते. केंद्रावर वांगी निवडून घेण्याची मुभा आहे, आणि ती जरूर वापरावी. आकाराच्या मानाने हलके, देठ हिरवे आणि टवटवीत, साल तुकतुकीत असलेले वांगे घ्यावे. आकाराच्या मानाने फार जड वांगे बहुधा जून झालेले आणि बियांनी भरलेले निघते. कोणी स्वतःच्या शेतातली वांगी आणली तरी केंद्र ती भाजून देते आणि त्याचे पैसे वेगळे घेते.

आता भाजण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण भरिताची चव तेथेच ठरते. या केंद्रावर कपाशीच्या वाळलेल्या काड्या जाळतात. बोंडे वेचून झाली की शेतात उभ्या राहणाऱ्या या काड्या खानदेशात मुबलक असतात, आणि त्यांचा जाळ झटकन मोठा होतो, वांग्याला सर्व बाजूंनी वेढतो आणि लवकर विझतो. साल पूर्ण करपते, पण आतला गर जळण्याआधीच स्वतःच्या वाफेवर शिजून निघतो आणि धुराचा वास त्यात मुरतो. घरच्या गॅसवर बर्नरची ज्योत एका ठिकाणी लागत राहते. वांगे सारखे फिरवावे लागते, मोठ्या वांग्याला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, बाहेरून काळे झालेले वांगे देठाजवळ कच्चे राहते आणि शेगडीवर रस सांडून ओटा खराब होतो तो वेगळाच. दोन वांग्यांपुरते हे चालते. तीन किलो वांगी गॅसवर भाजायची म्हणजे घरातल्या एका माणसाची अख्खी सकाळ त्यातच संपते, आणि ते माणूस बहुतेक घरांत कोण असते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच या सेवेला मी सोय म्हणून कमी आणि घरातल्या बाईचा वाचलेला वेळ म्हणून जास्त महत्त्व देते.

केंद्राचा व्यवहार स्वच्छ आहे. कच्ची वांगी गिऱ्हाइकासमोर तोलतात आणि पैसे त्याच वजनाचे घेतात. भाजून, सोलून झाल्यावर वजन बरेच उतरते, साधारण दोन तृतीयांशापर्यंत येते, हे ते आधीच सांगतात. त्यामुळे पातेले घरी नेल्यावर मनात शंका राहत नाही. दर बाजारातल्या आवकेप्रमाणे बदलतो आणि तो रोज फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो.

दोन-तीन गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. गर्दीच्या वेळी काही वांगी लवकर उतरवली जातात आणि देठाजवळचा भाग घट्ट राहतो. सोलण्याआधी देठाच्या बुडाशी चिमट्याने दाबून पाहावे. तेथे चिमटा सहज रुतला तरच वांगे झाले असे समजावे. कच्चे निघालेले वांगे परत निखाऱ्यांवर ठेवायला ते कधी नाही म्हणत नाहीत, पण हे सांगावे आपल्यालाच लागते. दुसरी गोष्ट सोलण्याची. घाई असली की काम करणारी मुले भाजलेली वांगी पाण्याच्या बादलीत बुडवून साल काढतात. साल झटपट निघते हे खरे, पण धुराची चव निम्मी पाण्यात जाते. नुसती बोटे ओली करून कोरडे सोलून द्या असे स्पष्ट सांगितले तर ते तसेच देतात. करपलेल्या सालीचे एक-दोन कण गरात राहिले तरी काही बिघडत नाही, उलट ते असावेतच. तिसरी तक्रार बांधणीची आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. गरम गर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारून देतात. हे आरोग्याला बरे नाही आणि चवीलाही नाही, कारण वाफेचे पाणी सुटून गर घरी पोचेपर्यंत पातळ होतो. घरून स्टीलचा रुंद डबा न्यावा आणि झाकण किंचित उघडे ठेवावे. केंद्राने डबा आणणाऱ्याला थोडी सूट देण्याचा विचार केला तर फार चांगले होईल.

घरी आणल्यावर गर चाळणीत दहा-पंधरा मिनिटे निथळत ठेवावा. खाली जमलेले पाणी टाकू नये; त्यात धुराचा चांगला वास असतो आणि पुरीचे पीठ भिजवताना ते कामी येते. एक किलो गराला दहा-बारा हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या एका मोठ्या गड्ड्याच्या पाकळ्या घ्याव्यात. मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परताव्यात आणि लसूण व मीठ घालून खलबत्त्यात जाडसर ठेचाव्यात. मिक्सरमध्ये हे वाटण गुळगुळीत होते आणि भरिताचा पोत जातो, म्हणून एवढे एक काम हाताने करावे असा माझा आग्रह आहे. गरही घोटून लगदा करू नये. लाकडी बत्त्याने ठेचावा, म्हणजे त्याचे धागे राहतात. मग कढईत शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात आधी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळून बाजूला काढावेत, त्याच तेलात जिरे तडतडू द्यावे, ठेचा परतावा, बारीक चिरलेली कांद्याची पात घालून ती जेमतेम नरम होऊ द्यावी आणि शेवटी गर घालून चार-पाच मिनिटे हलवावे. शेंगदाणे, खोबरे आणि कोथिंबीर वाढण्याच्या आधी मिसळावी. शेंगदाणे आधीच घातले तर ते मऊ पडतात, आणि या भरितात दाताखाली येणारा कुरकुरीत दाणा फार महत्त्वाचा असतो. पातीचा पांढरा भाग फोडणीत आणि हिरवा भाग शेवटी घातला तर रंगही टिकतो. फोडणी न देता, ठेचा, पात आणि कच्चे तेल कालवून केलेले भरीतही आमच्याकडे आवडीने खातात. वांगी ताजी भाजलेली असतील तर मला तेच अधिक रुचते.

घरात लहान मुले किंवा तिखट वर्ज्य असलेली वडीलधारी मंडळी असतील तर याच गरातून वाटीभर बाजूला काढून त्यात घट्ट दही, मीठ, बारीक कांदा आणि कोथिंबीर घालावी. पाच मिनिटांत दुसरे भरीत तयार होते. तयार भरीत विकत आणले तर ही मोकळीक राहत नाही, कारण त्यात तिखट आधीच पडलेले असते.

कळण्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेले हे पीठ म्हणजे कळणा. साधारण तीन ते चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतात. ज्वारी दादर, म्हणजे खानदेशातली रब्बी ज्वारी, असेल तर भाकरीला गोडवा येतो. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा फार कमी असतो, तो उडीद पुरवतो, आणि म्हणूनच कळण्याची पुरी न फाटता फुगते. केंद्रावर मिळणाऱ्या पुऱ्या कढईतून निघाल्या निघाल्या तेथेच खाल्ल्या तर खमंग लागतात, परंतु घरी पोचेपर्यंत त्या चिवट होतात. त्याऐवजी केंद्रावरचे कळण्याचे पीठ घ्यावे. ते जरा जाडसर दळलेले असते आणि पुरीला तसेच हवे. घेण्यापूर्वी पिठाचा वास पाहावा. उडदाचे सालासकट पीठ जुने झाले की किंचित कडवट वास येतो. मीठ, थोडे जिरे घालून निथळलेल्या कोमट पाण्यात पीठ घट्ट भिजवावे, पंधरा मिनिटे झाकून ठेवावे आणि तेल लावलेल्या कागदावर हाताने थापून मध्यम आचेवर तळावे. फार पातळ थापू नये. ज्यांना तळण नको त्यांच्यासाठी याच पिठाच्या भाकऱ्या कराव्यात. भरिताशी जोडी तितकीच जमते आणि रोजच्या जेवणाला तीच बरी.

दहा-बारा माणसांच्या बेताला तीन किलो कच्ची वांगी पुरतात. जेवणारे शेतावर फिरून आलेले असतील तर चार किलो धरावीत. सोबत ताकाची पातळ कढी, हिरव्या मिरचीचा ठेचा, मुळा, कांदा आणि शेवटी मुगाच्या डाळीची खिचडी एवढे केले की आणखी एका भाजीची गरज पडत नाही. कढीत तुरीच्या वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके कुस्करून खाणारे खवय्ये घरात असतील तर फुणके आदल्या दिवशी वाफवून ठेवता येतात. वाढायला केळीची पाने घ्यावीत. आपल्या जिल्ह्यात ती सहज मिळतात आणि भांडी घासण्याचे कामही वाचते. या साऱ्या बेतात पाहुणे आल्यावर करायचे काम फक्त पुऱ्या तळण्याचे उरते, आणि तेही एकीने थापावे, दुसऱ्याने तळावे असे वाटून घेतले तर यजमानीण सर्वांबरोबर पानावर बसू शकते. मेजवानीच्या पदार्थाची सोपेपणाची कसोटी मी याच गोष्टीवरून ठरवते.

तयार भरिताविषयी थोडक्यात सांगायचे तर ते वाईट नाही. प्रवासातून थेट घरी निघालेल्या माणसाने अर्धा किलो बांधून घ्यावे. तेल मात्र गरजेपेक्षा जास्त असते, दाणे मऊ पडलेले असतात आणि सकाळी केलेले भरीत संध्याकाळपर्यंत कढईत तसेच असते, ही गोष्ट मला पसंत नाही.

गर उरला तर तो त्याच दिवशी शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. कांदा-लसूण न घातलेला नुसता गर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये महिनाभर चांगला राहतो, आणि अचानक पाहुणे आले तर तो काढून फोडणी द्यायला वेळ लागत नाही.

केंद्र सकाळी लवकर उघडते आणि पहिल्या जाळावरची वांगी सर्वांत चांगली भाजली जातात, म्हणून रविवारी तरी नऊच्या आत पोचावे. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे खायला सुरुवात करतात. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात रांग मोठी असते, तेव्हा मागणी दोन दिवस आधी नोंदवून ठेवावी. पाच किलोंपेक्षा जास्त वांगी हवी असतील तर ते काही रक्कम आगाऊ घेतात आणि ठरलेल्या वेळी देतात. ऊन तापू लागले की वांग्यात बिया वाढतात आणि गराचा गोडवा कमी होतो. तेव्हा ज्यांना घरी भरिताचा बेत करायचा आहे त्यांनी डिसेंबर आणि जानेवारी हेच दोन महिने धरावेत.