आक्काच्या लग्नाची कॅसेट: डीव्हीडी रेकॉर्डर घ्यावा, डोंगल लावावा की स्टुडिओत द्यावी?

गेल्या महिन्यात खानापूरहून मामांचा फोन आला. "जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळतोय बघ, साडेतीन हजार म्हणतोय. घेऊ काय?" मामांच्या कपाटात अकरा व्हिडिओ कॅसेटी आहेत, त्या डिस्कवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवायच्यात. त्यात आक्काचं लग्न आहे, वास्तुशांत आहे, आजोबांची पंच्याहत्तरी आहे आणि बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या तीन-चार रात्री आहेत. हातात पैसे सगळे मिळून सहा हजार. मी उलट विचारलं, "मामा, कॅसेट लावायचा व्हीसीआर चालतोय काय?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

खरा खर्च तिथंच आहे. रेकॉर्डर कितीही भारी घेतला तरी त्याला चित्र देणार व्हीसीआर, आणि त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घासलेलं असेल तर पुढचं सगळं पाण्यात. नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जपानची फुनाई कंपनी तो शेवटपर्यंत बनवत होती, तिनंही जुलै २०१६ मध्ये हात वर केले. म्हणजे जुनाच बघायचा: बेळगावच्या खडेबाजारातल्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे, कोल्हापुरात, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात. जाताना घरातली एखादी बिनकामाची कॅसेट सोबत न्या. दहा मिनिटं चालवा, पुढे पळवा, मागे आणा, मग बाहेर काढून टेपची कड बघा. कड चुरगळली असेल तर दुकानदार काहीही सांगो, उठायचं.

दुसरी गोष्ट बुरशीची. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या कॅसेटींना ती लागतेच. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. हेड तर बरबटतंच, वर पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही तोच प्रसाद मिळतो. अशा कॅसेटी बाजूला काढून जाणकाराकडून साफ करून घ्या.

आता रेकॉर्डरकडे येऊ. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे मोड असतात. त्याच डिस्कवर अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा तास बसतात. आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटी बहुतेक ई-१८० असायच्या, म्हणजे तीन तासांच्या. दोन तासांच्या एसपीत त्या मावत नाहीत. मग माणूस सहा तासांचा मोड लावून मोकळा होतो आणि पुढे पस्तावतो, कारण त्या मोडमध्ये चित्राची उंचीही निम्मी होते आणि हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे चौकोन पडतात. चार तासांच्या एलपीत बहुतेक मशीन रुंदी तेवढी निम्मी करतात. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या घरगुती कॅसेटींत, मुळात बारीक तपशील फार नसतोच, त्यामुळे मांडवातल्या, दिवसाच्या चित्रणाला एलपी खुशाल चालतो. रात्रीच्या चित्ररथांना मात्र नाही. अंधारातल्या चित्रावर मुंग्या फिरतात, त्या मुंग्याही रेकॉर्डरला लिहून काढाव्या लागतात, आणि लेझीमच्या पोरांच्या वाट्याला जागा उरत नाही. मिरवणूक एसपीतच, दोन डिस्क लागल्या तरी.

पुष्कळ लोक डिस्कचे गठ्ठे घेऊन ठेवतात. त्याची गरज नाही. पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या एक-दोन डीव्हीडी-आरडब्ल्यू घ्या. कॅसेट उतरवा, डिस्क फायनलाइझ करा (म्हणजे दुसऱ्या मशीनवर दिसेल अशी बंद करा), कॉम्प्युटरवर तिच्यातल्या व्हीओबी, म्हणजे व्हिडिओच्या, फायली उतरवून घ्या (एक-एक जीबीचे तुकडे दिसतील, घाबरू नका), डिस्क पुसा आणि पुढची कॅसेट लावा. डिस्क हा फक्त हमाल. फायनलाइझ करायला विसरलात तर ती डिस्क दुसऱ्या मशीनवर सहसा दिसतच नाही, आणि रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर तेवढं काम पुन्हा. आमच्याकडे जूनमध्ये हे एकदा झालं. तेव्हापासून रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या बोर्डावर.

हार्ड डिस्कवाला रेकॉर्डर मिळाला तर मजा आहे: आधी हार्ड डिस्कवर उतरवा, नको ते कापा, मग डीव्हीडीवर घ्या. पण त्या हार्ड डिस्कवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला सरळ वाचता येत नाही. मशीन गेलं की आतलं सगळं गेलं. व्हीसीआर आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात असलेला कॉम्बो सोपा, एका बटणावर काम; पण एक बाजू बिघडली की दुसरीचाही उपयोग निम्मा. सहा हजारांच्या आत चांगल्या स्थितीतला कॉम्बो मिळाला तर घ्या, त्यासाठी वाट बघत बसू नका. जपानहून किंवा अमेरिकेतून आलेलं मशीन स्वस्त दिसलं तरी सोडा. त्यांची वीज वेगळी, आणि ती एनटीएससी या तिकडच्या चित्रपद्धतीची. आपल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या. गल्फमधून कुणी आणलेला असेल तर तो बहुधा पालवर चालतो, तरी दुकानात लावून बघाच.

टीव्हीवरच्या मालिका रेकॉर्ड करायला म्हणून कुणी रेकॉर्डर घेत असेल तर नको. आतला ट्यूनर जुन्या अॅनालॉग पद्धतीचा, आणि केबल केव्हाच डिजिटल झाली.

डोंगलची गोष्ट वेगळी. पाचशे ते दीड हजारात मिळतो, एका टोकाला पिवळी, पांढरी, लाल पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी. लॅपटॉप घरात असेलच. रेकॉर्डिंगचं ओबीएस सॉफ्टवेअर फुकट आहे. पालला ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम एवढं लावलं की काम सुरू. स्वस्त, हलका, डिस्कची कटकट नाही. मी याच्यावरच सुरुवात केली होती आणि पहिल्याच कॅसेटीत तोंडावर आपटलो. विसाव्या मिनिटाला भटजींचे ओठ पुढे आणि मंगलाष्टका मागे.

कारण साधं आहे. जुन्या टेपवरून येणारा सिग्नल थरथरतो, मध्येच तुटतो. स्वस्त डोंगलला तो पकडता आला नाही की तो फ्रेम टाकून देतो, आवाज मात्र चालूच राहतो. असे शे-दोनशे फ्रेम पडले की ओठ आणि आवाज यांची फारकत. रेकॉर्डरमध्ये याची सोय असते: सिग्नल तुटला की तो आधीचा फ्रेम धरून ठेवतो आणि वेळ सांभाळतो. काही मॉडेल तर चित्रातल्या ओळींची थरथरही सरळ करतात. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठीच नावाजलेले.

त्यामुळे मला सगळ्यात पटलेली जोडणी अशी: व्हीसीआरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये, रेकॉर्डरच्या आउटपुटमधून डोंगलमध्ये, डोंगल लॅपटॉपला. रेकॉर्डरनं काही लिहायचंच नाही, चित्र नुसतं त्याच्यातून जाऊ द्यायचं. मग त्याचं डिस्क वाचणारं लेझर मेलेलं असलं तरी बिघडत नाही. दुकानदार ज्याला 'डिस्क घेत नाही' म्हणून कोपऱ्यात टाकतो, तो सात-आठशेत मागून बघा. घेण्याआधी दुकानातच व्हीसीआर आणि टीव्ही त्याच्यातून जोडून चित्र येतंय का तेवढं पाहा. प्रत्येक मॉडेल सारखं काम करत नाही, पण नुसत्या डोंगलपेक्षा बरंच.

एक विनोद सांगून ठेवतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या बऱ्याच कॅसेटींत कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाचा सिग्नल घातलेला असतो, रेकॉर्डर तो ओळखून थांबतो. पण टेप फार झिजली असेल तर घरच्या कॅसेटलाही तो कधी कधी तेच म्हणतो. आमच्या आजोबांची पंच्याहत्तरी त्यानं कॉपीराइटची ठरवली होती.

स्टुडिओत देणं वाईट नाही. दोन-तीनच कॅसेटी असतील तर तेच करा, मशीन जमवण्यापेक्षा स्वस्त पडेल. फक्त देतानाच विचारा: फाइल देणार की डिस्क, आणि मूळ कॅसेट परत कधी. शेजारच्या काकूंना एका स्टुडिओनं तीन तासांचं लग्न सहा तासांच्या मोडवर दाबून दिलं. हळदीत काकू ओळखू येत नाहीत. पुन्हा करून द्या म्हणायला गेल्या तर कॅसेटच सापडेना. पेनड्राइव्ह तुमचाच द्या, म्हणजे निदान डिस्कवर दाबण्याचा प्रश्न येत नाही.

मामांना मी हिशोब असा मांडून दिला. व्हीसीआरला तीन हजारांपर्यंत, त्याचं हेड साफ करायला दोनशे (हेडवर कापसाची काडी फिरवू देऊ नका, धागे अडकतात), मेलेल्या लेझरचा रेकॉर्डर हजाराच्या आत, डोंगल हजार. उरलेल्यात एक पेनड्राइव्ह. साडेतीन हजारांचा तो रेकॉर्डर चालता असेल आणि घरात लॅपटॉप नसेल तर तोच घ्यावा, पण मामांच्या नातवाकडे लॅपटॉप आहे. दोन दिवसांनी पुन्हा फोन: "अडीच हजाराला व्हीसीआर मिळाला. आक्काचं लग्न लावू काय आता?" नको म्हटलं. आधी ती जुन्या मालिकेची कॅसेट लावा, तिचं काही झालं तरी घरात कुणी रडणार नाही.