बरणीतले ऑलिव्ह : काळ्या चकत्या, हिरवे आणि कलामाता

पिझ्झावरच्या काळ्याकुळकुळीत चकत्या झाडावर पिकून काळ्या झालेल्या नसतात. फळ हिरवंच तोडतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढतात, मग हवा खेळवून काळं करतात. रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट, म्हणजे लोहाचं एक संयुग. बरणीच्या मागे घटकांत '५७९' दिसलं की समजा तेच. यातलं लोह बरंचसं या संयुगाचं, आणि कडवटपणाबरोबर पॉलिफेनॉल्सही (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) बरीच धुऊन जातात. चव बेताची, जवळजवळ सपक. स्वस्त आहे, एवढंच.

हिरवे त्यापेक्षा सरस. १०० ग्रॅममागे साधारण १४५ कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश (बहुतेक ओलेइक आम्ल, म्हणजे असंतृप्त प्रकारचा), जवळपास ४ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व. क जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवू नका. गोम आहे ती मिठात : सोडियम १५०० मिलिग्रॅमच्या पुढे. बिनबियांचे दहा खाल्ले, म्हणजे तीसेक ग्रॅम, तर सव्वा ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. रक्तदाब असेल तर अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून, निथळून घ्या. कोशिंबिरीत घातले तर वरून मीठ नको.

ग्रीसचे कलामाता महाग, पण पैसे वसूल. दोन्ही टोकांना निमुळते, जांभळट-तपकिरी, झाडावर पिकलेले. कॉस्टिकऐवजी मिठाच्या पाण्यात मुरवतात, त्यामुळे किंचित कडसर चव राहते. रंग सगळ्यांचा एकसारखा नसतो. तो दोष नव्हे.

कोलेस्टेरॉलला फायदा होतो तो लोणी-चीज कमी करून त्याजागी ऑलिव्ह खाल्ले तर. चीजच्या थरावर चार चकत्या पेरून काही साधत नाही.

घेताना एकूण वजन नको, निथळलेलं वजन बघा. बरणीत निम्मं पाणीच असतं. फुगलेलं झाकण किंवा डबा सरळ परत. उघडल्यावर फ्रिजमध्ये, कोरडा चमचा, आणि फळं पाण्याखाली बुडलेली हवीत, वर राहिलेल्यांवर आधी बुरशी धरते. पाणी कमी पडलं तर कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून ओता. काळ्या चकत्यांच्या पाण्यात आंबटपणा जवळपास नसतो, म्हणून त्या लवकर बिघडतात : आठवडा-दहा दिवसांत संपवा. छोटीच बरणी घ्यावी.