ज्येष्ठांसाठीचं कॅन्सर समुपदेशन: चार स्टार

आईला बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, सांगितली आणि तिचं एकच पालुपद, सुई टोचली की गाठ चवताळते नि अंगभर पसरते, जावेचं तसंच झालं म्हणे, म्हणून समुपदेशनाला घेऊन गेले. तिथल्या ताईंनी तिला खोडून काढलं नाही, आधी जावेची सगळी कहाणी ऐकली आणि मग हळूच विचारलं, काकू, त्यांना दाखवायला नेलं तेव्हा आजार किती वाढला होता? आई गप्प! मग नीट समजावलं की सुईमुळे पसरणं फारच दुर्मिळ असतं, उलट तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का, कुठला, ट्रीटमेंट कोणती हे ठरतच नाही. भांडी वेगळी ठेवायचीही गरज नाही, शिवल्याने कॅन्सर होत नाही. आणि 'दुखत नाही म्हणजे साधी गाठ' हा तर आईचा लाडका सिद्धांत, पण सुरुवातीला बऱ्याच कॅन्सरच्या गाठी दुखतच नाहीत.

एक स्टार कापला कारण केमोचा विषय घाईत उरकला, उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत एवढंच, खरी भीती तर केमोचीच असते. शिवाय माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी, साठीपुढच्यांसाठी छापलंय ना राव? प्रश्न मात्र घरूनच लिहून न्या, आत गेल्यावर म्हातारी माणसं 'काही नाही विचारायचं' म्हणतात.