काकीनाडा बंदरातून तांदूळ : वर्षभराचा अनुभव, तुटीच्या हिशेबासकट

मिलवरून तीस टन उकडा तांदूळ निघाला. आंध्रातल्या काकीनाडा बंदराच्या गोदामात तो 29 टन 790 किलो भरला आणि पैसेही तेवढ्याचेच आले. दोनशे दहा किलो तूट. किलोला 34 रुपये धरले तरी 7,140 रुपये झाले. एका गाडीमागे मिलवाल्याला सुटतं किती, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आमची मिल गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात आहे. सरकारी धानाची भरडाई चालते, पण तिच्या बिलाची वाट पाहण्यात केस पिकतात. म्हणून स्वतःचं धान घेऊन थोडा खासगी मालही काढतो. 20 जुलै 2023 ला सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, पुढच्याच महिन्यात उकड्यावर 20 टक्के शुल्क बसवलं, आणि बंदराकडचा रस्ता आमच्यापुरता मिटला. बंदी 28 सप्टेंबर 2024 ला उठली, उकड्यावरचं शुल्कही ऑक्टोबरात शून्यावर आलं. तेव्हापासून एका निर्यातदाराला ‘काकीनाडा पोच’ भावाने माल देतोय. माल त्याच्या गोदामात पोचेपर्यंत जबाबदारी आमची, आणि वजन तिथल्या काट्याचं. सगळं दुखणं या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

आधी बंदराबद्दल चार शब्द, कारण ते मला खरोखर आवडलं. काकीनाड्याला खोल पाण्याचा धक्का आहे, तिथे जहाज थेट लागतं. दुसरं जुनं नांगरवाडा बंदर. तिथे जहाज किनाऱ्याला येतच नाही, कारण काठाला पाणी उथळ आहे. ते उपसागरात नांगर टाकून उभं राहतं आणि पोती बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या होडीवर, लादून त्याच्यापर्यंत नेतात. उघड्या समुद्रात हे जमलं नसतं. पण गोदावरीच्या गाळाने तिथे सोळाएक किलोमीटर लांबीचा वाळूचा पट्टा घातलाय. त्याला होप बेट म्हणतात. त्याच्या आडोशाला पाणी शांत राहतं. लाटा अडवणारा बांध बांधायला लाखो टन दगड टाकावे लागतात, इथे नदीनेच तो फुकटात बांधून दिला. बार्ज जहाजाला लागला की जहाजाच्याच क्रेनने पोत्यांचा फास वर जातो, खाली हमाल थप्पी लावतात. क्रेन जहाजाची, हमाल ठेकेदाराचे, बंदराकडे यंत्रं कमीच. म्हणून आफ्रिकेच्या स्वस्त मालाला हा मार्ग परवडतो. आमचा माल बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्टकडे जातो. निर्यातदार छापलेला बारदाना पाठवतो, त्यावरची सगळी छपाई फ्रेंच. आमच्या मिलमधल्या बाया तो शिवतात आणि पोत्यावरचा हत्ती सरळ आहे का तेवढं बघतात.

2021 च्या सुरुवातीला कंटेनर मिळेनासे झाले तेव्हा इथल्या नांगरवाड्यावर जहाजांची एवढी गर्दी झाली की आंध्र सरकारने तांदळाला खोल पाण्याचा धक्काही मोकळा करून दिला. तो निर्णय झाला नसता तर आमच्यासारख्याचा नंबर कधी लागला असता, देव जाणे.

आता तूट. गोदामातला मुनीम पहिल्याच फोनवर म्हणाला, ओल उडाली. म्हटलं, भाऊ, चौदा टक्के ओलीचा माल शिवून ताडपत्रीखाली बांधून दिलाय, तीन-चार दिवसांत तो वाळेल किती? आणि तुमच्याकडे समुद्रकाठी तर मीठसुद्धा पाझरतं, माझा तांदूळच तेवढा कोरडा कसा झाला? त्यावर त्याने साहेब जेवायला गेलेत म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी पाच वाजता.

मग मी बसलो हिशेबाला. बायको म्हणाली, सात हजारासाठी सात रात्री जागणार का? जागलो. सहाशे पोती, प्रत्येकात पन्नास किलो, हे तीस टन. त्यांनी बारदान्याची कपात लावली होती पोत्यामागे 200 ग्रॅम, म्हणजे 120 किलो. एक रिकामं पोतं घडी करून चौकातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. 118 ग्रॅम. दुसरं 121. दुकानदार म्हणाला, शेठ, आता तांदूळ सोडून पोती विकता काय? विकत नव्हतो. 120 ग्रॅम धरले तरी सहाशे पोत्यांचे 72 किलो होतात. कापले 120. अठ्ठेचाळीस किलो तर इथेच, कागदावर गेले. बरं, पोतं निर्यातदारानेच दिलेलं, त्याचं वजन त्याला माहीत नाही असं कसं म्हणणार?

उरले 162. ते ड्रायव्हरने सोडवले. आमचा ड्रायव्हर सडक अर्जुनीकडचा, सरळ माणूस. विचारलं, भरलेली गाडी काट्यावर चढवली तेव्हा तू कुठे होतास? ‘खाली होतो जी, गेटवर एन्ट्री करत होतो. त्यांच्या माणसानंच गाडी लावली आन् उतरला.’ आणि रिकामी तोलताना? ‘तवा तं आमी दोघंबी गाडीतच होतो. पानी येत होता.’ झालं. भरलेल्या वजनात माणसं नाहीत, रिकाम्यात ड्रायव्हर-क्लीनर दोघं. दोघे मिळून सव्वाशे किलो तरी भरतात. निव्वळ वजन म्हणजे भरलेलं वजा रिकामं, त्यामुळे ही दोन माणसं तांदळातून वजा झाली. वर ताडपत्री भिजलेली, आणि मधल्या वेळात डिझेल टाकलं असेल तर तेही आमच्याच माथी. शंभर लिटर डिझेल ऐंशी किलोंच्या वर जातं. काटा खोटा असण्याची गरजच नाही. काटा खरा ठेवूनही माल खाता येतो.

शेवटचे तीस-चाळीस किलो हुकाचे. हमाल पोत्यात हूक घालतो, प्लास्टिकच्या विणीला भोक पडतं आणि थप्पीपर्यंत मूठ-मूठ सांडत जातं. संध्याकाळी ती झाडण गोळा होते. ती कुणाच्या खात्यावर जाते, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आम्ही आता करारातच ‘हूक वापरायचा नाही’ असं लिहून घेतो. लिहून घेतो, एवढंच.

हे सगळं डोक्यात ठेवून मी स्वतः काकीनाड्याला गेलो. चंद्रपूर, मंचेरियाल, वरंगल, खम्मम अशी गाडीबरोबरच. तिथे एका सर्व्हेयरच्या मदतनिसाशी गप्पा झाल्या, आणि माझं अर्धं डोकं थंड झालं, अर्धं जास्त तापलं. जहाजात किती माल गेला हे कसं कळतं, असं विचारलं. तो म्हणाला, पोत्यांची टॅली असतेच, पण पडताळणीला जहाजच तोलतात. काट्यावर? नाही, पाण्यावर. जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात, पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना. भरण्याआधी होडीतून फिरून ते सहाही आकडे वाचायचे. समुद्राचं पाणी बाटलीत घेऊन त्याची घनता मोजायची, कारण खाऱ्या पाण्यात जहाज कमी बुडतं, गोड्यात जास्त. जहाजाच्या टाक्यांतलं पाणी आणि तेल मोजायचं. भरल्यावर परत सगळं तेच. दोन्ही वेळी जहाजाने किती पाणी सारलं, त्यातला फरक म्हणजे माल.

आणि चूक किती होते? अर्धा टक्का तर सहज धरतात, लाट असली तर वाचणंही अवघड. अर्धा टक्का! वीस हजार टनांच्या जहाजात शंभर टन. म्हणजे माझ्या तीन गाड्या लाटेच्या हेलकाव्यात इकडे-तिकडे झाल्या तरी हिशेब बरोबर समजायचा, आणि माझ्या एका गाडीत क्लीनरचं वजनसुद्धा माझ्या नावावर. मी त्या मदतनिसाला चहा पाजला. त्याची काय चूक.

ताडपत्रीबद्दलही लिहायला हवं. थेंब पडले की भरणं थांबतं, जहाजाची दारं बंद होतात, बार्ज झाकून उभे राहतात. जहाजाच्या भाड्याच्या करारात पावसाचा वेळ बहुतेक धरत नाहीत, त्यामुळे जहाजवाला निवांत. पण मागे गोदामं भरतात आणि आमची गाडी रांगेत. 28 ऑक्टोबर 2025 ला मोंथा चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर धडकलं तेव्हा गाडी राजमहेंद्रीच्या अलीकडे अडकून पडली. त्याच वादळाचा पाऊस इकडे आमच्या कापणीला आलेल्या धानावर आला. तो राग बंदरावर काढण्यात अर्थ नाही.

तपासणीचं मात्र वेगळं. 29 नोव्हेंबर 2024 ला आंध्रचे उपमुख्यमंत्री पवन कल्याण काकीनाड्यात आले, रेशनचा तांदूळ जहाजावर गेल्याचं प्रकरण पेटलं, ‘स्टेला एल’ जहाजाचं नाव देशभर झालं. त्यानंतर कागदांकडे लोक जरा जास्तच बारकाईने बघू लागले. चोरी पकडावी, त्याला माझी ना नाही. आमच्यासारख्या भरडाई करणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेशनच्या तांदळात 2026 च्या सुरुवातीपर्यंत शंभराला एक या प्रमाणात पोषणदाणा, म्हणजे लोह-जीवनसत्त्वं घातलेला दाणा, मिसळत होते आणि त्या दाण्यावरून रेशनचा माल ओळखता यायचा. सरकारी भरडाई संपवून त्याच यंत्रावर खासगी माल घेतला आणि धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी पाच-पन्नास दाणे राहिले, तर पुढे समजावत बसा. आम्ही आता मध्ये अर्धा दिवस यंत्र उघडून झाडतो, आणि गाडीबरोबर धान खरेदीच्या पावत्यांची झेरॉक्स देतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी काकीनाड्याला दोन तारेही देणार नाही. उन्हाळ्यापर्यंत माझंही मत तेच होतं. मग एका दुसऱ्या खरेदीदाराने पंचवीस किलोच्या पोत्यांत बारीक तांदळाची ऑर्डर दिली, कंटेनरने, नागपूरहून रेल्वेने न्हावाशेव्याला. रिकामा वीस फुटी कंटेनर नागपूरहून थेट मिलच्या आवारात आला. एजंटने सांगितल्याप्रमाणे आत शिरलो, बाहेरून दार लावून घेतलं आणि अंधारात उभा राहिलो. छताच्या कोपऱ्यात सुईएवढा उजेडाचा ठिपका दिसला. एक ठिपका म्हणजे पावसाची धार. ‘दुसरा आणा’ म्हटलं. एजंट कुरकुरला, पण दुसरा आला. भिंतींना जाड कागद लावला, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या, हजार पोती मोजून भरली, दार लावलं आणि मिलमध्येच ई-सील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सील, ठोकलं. पुढे बंदरापर्यंत एकाही पोत्याला हमालाचा हात नाही. हूक नाही, झाडण नाही, मुनीम नाही.

पण खरी मजा वजनाची. 1 जुलै 2016 पासून नियम आहे की भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन पाठवणाऱ्यानेच लिहून द्यायचं, त्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. आणि तोलायचं कुठे? शिक्का असलेल्या कोणत्याही काट्यावर. म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर! त्या पावतीवर आमगावच्या काट्याचा आकडा आणि तोच आकडा पार जहाजाच्या कागदात. वर्षभर मी ज्यासाठी भांडत होतो ते इथे नियमानेच मिळालं. वर कंटेनरचा नंबर एलडीबी (लॉजिस्टिक्स डेटा बँक) या कंटेनरचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाकला की तो कुठल्या फाटकातून कधी गेला ते मोबाईलवर दिसतं. दोन दिवस मी दुसरं काही बघितलं नाही. न्हावाशेव्याने 2024-25 मध्ये वीस फुटी मापाने 73 लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले, त्यात आमचा एक होता आणि तो मला दिसत होता.

मग सगळं कंटेनरनेच का नाही? पैसे, दुसरं काय. रिकामा कंटेनर नागपूरहून आणायचा, भरलेला परत न्यायचा, दोन्ही खेपांचं भाडं आपलं. मालाचा भाव किलोला पन्नाशीच्या पुढे असेल तर ते पचतं. चौतीसच्या उकड्याला ते झेपत नाही, तिथे दोनशे किलोंची तूट सोसूनही काकीनाडाच स्वस्त पडतं. हे लिहिताना दात-ओठ खातोय, पण आकडे तसेच आहेत. म्हणून बंदराला चार तारे, बार्जच्या पद्धतीला चार, गोदामातल्या वजनाच्या व्यवहाराला एक.

नव्याने जाणाऱ्यांनी एवढं करावं. बारदान्याची कपात किती ग्रॅम ते सौद्यातच लिहून घ्यावं. भरलेली आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर, एकाच दिवशी, तीच माणसं गाडीत किंवा तीच माणसं खाली, अशीच तोलावी. मधे डिझेल टाकू नये. आम्ही ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की दोन्ही वेळा काट्याच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यात गाडीची केबिनही आली पाहिजे. तेव्हापासून तूट साठ-सत्तर किलोंवर आली आहे. मुनीम म्हणतो, या हंगामात हवा दमट आहे.