ट्रायम्फ स्पीड ४००: अकरा महिने, ९,४०० किलोमीटर

माझ्या ट्रायम्फ स्पीड ४०० मोटरसायकलचं पहिलं सर्व्हिसिंग होऊन आठवडा झाला असेल. वाईला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर एका मालट्रकच्या मागे चाळीसच्या वेगात अडकलो. उजवीकडे वाट मोकळी झाली तशी गिअर खाली न टाकता चौथ्यातच ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी एका दमात ट्रकच्या पुढे गेली. इंजिनाने ना कुरकुर केली, ना धक्का दिला. तोवर पंधरा-वीस दिवस मी गाडीकडे नुसता बघत होतो. तिच्यात काय आहे ते त्या चढावर कळलं.

बघण्यासारखी ती आहेच. माझी निळी आहे. गोल हेडलाइट, गुडघे नीट बसतील अशी टाकी, हँडलच्या दोन्ही टोकांना आरसे, काट्याचं मोठं गोल स्पीडोमीटर. पण या जुन्या वळणाच्या आत ३९८ सीसीचं पाण्याने थंड होणारं इंजिन आहे. चार व्हॉल्व्ह, ४० पीएस ताकद, ६,५०० आरपीएमला ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढ, सहा गिअर. ट्रायम्फ कंपनी इंग्लंडातल्या हिंकलीची, पण ही गाडी बनते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावर. जुलै २०२३ मध्ये ती आली तेव्हा पहिल्या दहा हजार ग्राहकांसाठी किंमत २.२३ लाख आणि नंतर २.३३ लाख ठेवली होती, एक्स-शोरूम.

आमच्या आप्पांकडे येझदी होती. मी वाईला गाडी दारात लावली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली आणि विचारलं, "सायलेन्सर एकच?" येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन असायचे. किक मारायचा दांडाच गिअरचा दांडा. त्या पिढीचं कौतुक इंजिनाच्या आवाजावरून आणि दांड्याच्या जोरावरून ठरायचं. आप्पांना मागे बसवून मेणवलीपर्यंत नेऊन आणलं. उतरताना म्हणाले, "ब्रेक फार चांगला आहे रे." चाळीस वर्षं ड्रम ब्रेकवर घाट उतरलेल्या माणसाचं हे मत मी फार मोलाचं मानतो.

ब्रेक खरोखर भरवशाचे आहेत. पुढे ३०० मिमीची डिस्क, चार पिस्टनचं कॅलिपर, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. जुलैमध्ये ताम्हिणीतून माणगावकडे जाताना वळण संपतं तिथेच रस्त्यात म्हशी उभ्या होत्या. दोन्ही ब्रेक जोरात दाबले. लिव्हर बोटांखाली थरथरली, पण मागचं चाक सरकलं नाही आणि गाडी सरळ रेषेत थांबली. त्याच दिवशी ओल्या पाचोळ्यावर पिकअप घेताना ट्रॅक्शन कंट्रोलचा (मागचं चाक जागीच फिरून घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा दोनदा लुकलुकला आणि मागचं चाक तिथेच सावरलं. ज्यांना पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची नाही, त्यांनी या दोन गोष्टींसाठी तरी ही गाडी विचारात घ्यावी.

मला मुख्य सांगायचं आहे ते बसण्याबद्दल. आधीची माझी गाडी पुढे वाकून चालवायची होती. वर्षभरात मनगटं आणि मान धरली. जुन्या वळणाच्या गाड्यांचं हँडल उंच आणि रुंद का असायचं, ते इथे समजतं. पाठ ताठ राहते, नजर समोरच्या गाडीच्या छपरावरून पुढे जाते आणि १७६ किलोची गाडी हँडलच्या हलक्या दाबाने वळते. सीट ७९० मिमी उंच आहे. माझी उंची पाच फूट सहा इंच, तरी सिग्नलला दोन्ही पाय टेकतात. लोक रेट्रो म्हणून हे रूप शोभेचं मानतात, पण रोज हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करणाऱ्याला हेच रूप कामाला येतं. ४० पीएस वापरायचे तर आधी माणूस न थकता गाडीवर बसायला हवा.

आता याच घडणीबरोबर येणाऱ्या गोष्टी. पुढे काच नाही, त्यामुळे शंभरच्या पुढे वारा थेट छातीवर येतो. मी सातारा रस्त्यावर ऐंशी ते पंचाण्णवमध्ये राहतो आणि त्या वेगात दिवसभर जाता येतं. एकच सिलिंडर असल्याने आरपीएम वर चढवले की थरथर पायांना आणि हँडलला जाणवते. टोकाचे आरसे छान दिसतात, पण त्यांनी गाडीची रुंदी वाढते. रिक्षा आणि पीएमपीच्या बसमधली फट मी आता सोडून देतो. मागे बायको असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घेतो. तिच्या मते तासाभराने चहाला थांबलं तर प्रवास सुखाचा होतो, आणि आम्ही थांबतो.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पावसाळ्यानंतर घराजवळच्या एका गॅरेजात चेन साफ करून घेतली. तिथे चेन फार ताणून दिली गेली आणि मी न बघताच घरी आलो. चार दिवस मागून घर्र आवाज येत होता आणि खड्ड्यात गाडी कडक वाटत होती. पुस्तिकेत दिलेल्या मापाने चेन सैल केली आणि दोन्ही तक्रारी गेल्या. आता दर पाचशे किलोमीटरला चेनला ल्यूब (वंगण) मी स्वतः मारतो. मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घेतला, दहा मिनिटांचं काम आहे.

शहरात लिटरला २६-२७ आणि हायवेला ३०-३१ पडतं. टाकी १३ लिटरची आहे, त्यामुळे पुणे-कोल्हापूर मध्ये पेट्रोल न भरता होतं. पहिल्या हजार किलोमीटरनंतरचं सर्व्हिसिंग सोडलं तर पुढचं थेट १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. माझं वर्षाच्या हिशेबाने पुढच्या महिन्यात आहे.

गाडी बघायला जाणार असाल तर टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर संपवू नका. मागे माणूस बसवा, एखादा चढ शोधा आणि तिसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश चढवून बघा.