जुन्या बँडचा नवा अल्बम, खारी हवा आणि एक साधं टर्नटेबल

रोलिंग स्टोन्स या जुन्या ब्रिटिश रॉक बँडने २०२३मध्ये नव्या अल्बमचं पहिलं गाणं ६ सप्टेंबरला सोडलं आणि ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबरला आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम २००५चा, म्हणजे अठरा वर्षं वाट बघितलेल्यांना वर आणखी सहा आठवडे. ‘द क्युअर’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडने दोन अल्बमांमध्ये २००८ ते २०२४ अशी सोळा वर्षं काढली. जुन्या बँडांचं असंच असतं. पहिलं गाणं मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ होतं आणि एलपीचं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डचं, पार्सल अजून वाटेतच असतं. ते सहा आठवडे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, लावण्यात घालवावेत. कोकणात तर त्यात गणपती, परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन सगळंच येऊन जातं.

यंत्र कुठलं? ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स. बेल्टवर चालणारं, मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे अशा दोनच वेगांचं, पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपोआप उचलून रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत जागेवर येतो. पहिलं टर्नटेबल म्हणून घ्यायला हरकत नाही. सुटकेससारखी दिसणारी गोंडस यंत्रं मात्र टाळा. त्यांतल्या बहुतेकांची सिरॅमिक काडतुसं (सुई बसते तो भाग) रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार देतात, शिवाय स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे बेस वाजला की सुईही थरथरते. एलपी६०एक्समध्ये हा भार साधारण तीन ग्रॅम आहे. तो कारखान्यातच ठरलेला, आपल्याला बदलता येत नाही. नवख्या माणसाला ही सोय, मुरलेल्याला अडचण.

जोडणी दहा मिनिटांची. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, खुंटीवर बसवा, त्याच्या भोकातून लाल फीत धरून बेल्ट ओढा आणि मोटरच्या पितळी पुलीवर अडकवा. मग फीत काढून प्लॅटर हाताने घड्याळाच्या दिशेने दहाएक फेरे फिरवा. बेल्टला पीळ पडलेला असेल तर इथेच निघतो. आर्मची बांधलेली तार आणि सुईवरचं झाकण काढायला विसरू नका. आर्म आपोआप हलत असताना त्याला हात लावायचा नाही. ऑटोमॅटिक यंत्राचं गिअर बिघडण्याचं नेहमीचं कारण हेच.

मागे फोनो (सुईचा मूळ, क्षीण सिग्नल) आणि लाइन (यंत्राने वाढवलेला सिग्नल) असं एक बारीक बटण आहे, आणि ‘आवाज बरोबर येत नाही’ या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, साध्या ऑक्स इनपुटला जोडलं असेल तर बटण लाइनवर हवं. फोनोवर राहिलं तर आवाज कुजबुजल्यासारखा आणि बेस गायब. उलट ॲम्पला स्वतःचं फोनो इनपुट असेल आणि बटण लाइनवर असेल, तर सगळं फाटून, कर्कश ऐकू येतं. यंत्राचे पाय वरखाली करता येत नाहीत. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर तर पावलागणिक सुई उडेल. जांभ्याच्या भिंतीत ठोकलेली फळी सगळ्यात उत्तम. मोबाइलमधल्या लेव्हलने पातळी बघा आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका.

आता आवाज. ‘हॅकनी डायमंड्स’ एकच एलपी आहे, दोन्ही बाजू मिळून ४८ मिनिटं, त्यामुळे यंत्राची परीक्षा घ्यायला बरी. दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स याच्या ड्रमवरची, २०२१मध्ये तो वारण्याआधीची. ती सगळ्यात बाहेरच्या खाचांत आहेत. तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणून स्नेअर ड्रमचा टणत्कार या यंत्रावरही स्वच्छ येतो. त्याच बाजूचं शेवटून दुसरं गाणं सात मिनिटांच्या वरचं, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडरबरोबरचं. ते आतल्या भागात येतं. गागाचा आवाज वर चढला की ‘स’ला किंचित चरचर लागते. रेकॉर्ड खराब नाही आणि यंत्रही नाही. सोबत येणारी गोल टोकाची सुई दाट आतल्या खाचेत पुरती बसत नाही, इतकंच. शेवटचं, ब्लूज गायक मडी वॉटर्सचं गाणं फक्त आवाज, गिटार आणि माउथऑर्गन. धूळ, घरघर, जे काही असेल ते तिथे उघडं पडतं.

खरा त्रास हवेचा. ॲम्पला जोडायच्या वायरीच्या आरसीए पिनांवर खाऱ्या वाऱ्याने काळपट थर चढतो आणि एक बाजू अधूनमधून गायब होते. महिन्यातून एकदा पिना काढून फिरवून लावल्या तरी भागतं, किनाऱ्याला अगदी लागून घर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर ठेवा. जून ते सप्टेंबर यंत्र बंदच राहणार असेल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा, नाहीतर पुलीपाशी त्याला बाक धरतो आणि ऑर्गनचा लांबवलेला सूर डुलायला लागतो. मोटर अडॅप्टरच्या डीसीवर चालते, त्यामुळे व्होल्टेज थोडं खालीवर झालं म्हणून गाणं रेंगाळत नाही. मात्र स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प गुणगुणतो. मृगाआधीच्या गडगडाटात प्लग काढणं आलंच.

कागदी आतल्या पिशव्या पावसाळ्यात बुरशी धरतात. त्या काढून पॉलिथिनच्या घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाका. कॅमेरेवाले कपाटात बल्ब लावतात, तो उपाय इथे नको, विनाइल उष्णतेने वाकतं. पुसायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार खाचेत वाळतात आणि टिकटिक सुरू होते.

पूर्वनोंदणी करताना विक्रेत्याला दोन गोष्टी आधीच सांगा. एलपी कव्हरच्या बाहेर काढून, वेगळ्या पिशवीत ठेवून पाठवा, म्हणजे प्रवासात कव्हरची शिवण फाटत नाही. आणि बाहेरून प्लास्टिकचे दोन थर. कुरिअर तालुक्याच्या गावापर्यंतच येत असेल तर पार्सल त्याच दिवशी उचला, बंद गाडीत उन्हात ठेवू नका. घरी आल्यावर आडवं ठेवून दोन-तीन तास थांबा. इतकी वर्षं थांबलात, तेवढं जमेल.

सुई ३०० ते ५०० तास टिकते. बदली सुई एटीएन३६००एल, पुढून खाली दाबली की निघते. वर्षभर रोज तासभर ऐकणाऱ्याने नव्या अल्बमसोबतच तीही मागवावी. आणि माळ्यावर आजोबांच्या नाट्यगीतांच्या ७८च्या वेगाच्या, लाखेच्या तबकड्या असतील तर त्या यावर लावू नका. तो वेग यात नाही, सुईही ती नाही आणि स्पिरिट मिसळलेल्या पाण्याने तर त्या पुसूसुद्धा नयेत, लाख विरघळते.