२५ टनाची लोखंडी कांदा चाळ, तीन हंगाम वापरल्यानंतर

कांदा साठवायची ही चाळ फेब्रुवारी २०२३ ला बांधून घेतली, निफाड तालुक्यात आमच्या वस्तीवर. दोन पाखी (कांदा भरायचे लांब कप्पे), मधे बोळ, ४० फूट लांब, लोखंडी अँगल आन जाळी, वर सिमेंटचा पत्रा. अनुदान टनामागे ३५०० प्रमाणे ८७,५०० मिळालं, बाकी घरचे.

चाळ म्हणून एक नंबर. जमिनीपासून दोन फूट उचललेली आहे त्यामुळे खालून वारा खेळतो. पाखीची रुंदी ४ फूटच ठेवा, फॅब्रिकेटर म्हणेल ५ करू, जास्त माल बसेल, पण मग मधला कांदा घामेजतो आन सड तिथूनच सुरू होते. थर पण ५ फुटाच्या वर नको. पश्चिमेकडून पावसाची झड आत येते, तिथं पत्रा अजून दोन फूट बाहेर पाहिजे होता, सांगूनही काढला नाही, त्याचा एक स्टार कापला.

आता खरं लिहायचंय ते हे की चाळ बांधली की माणसाच्या डोक्यात भाव वाढणारच हे फिट बसतं. आधी चाळ नव्हती तेव्हा मे महिन्यात मिळेल त्या भावाला ट्रॅक्टर मोकळा व्हायचा, आता थांबता येतं म्हणून थांबतो, आन किती थांबायचं हे कोणीच ठरवत नाही.

२०२४ ला सप्टेंबरच्या शेवटी माझा माल क्विंटलला ४२०० ने गेला. गल्लीतल्या सगळ्यांचे पैसे झाले, दोघांनी चाळी वाढवल्या. मग १ एप्रिल २०२५ ला सरकारनं कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क उठवलं, सगळे म्हणले आता माल बाहेर जाणार, दिवाळीला ४००० कुठं जात नाही. मी पण तेच धरून चाललो. पण मे मधे अवकाळी किती झाला ते सगळ्यांनी पाहिलंय, माझा निम्मा कांदा शेतातच भिजला होता, वाळवून चाळीत टाकला पण पत्ती (वरची साल) सुटलेली होती, तो कांदा टिकणारा नव्हता हे हाताला कळत होतं. तरी टाकला, कारण डोळ्यापुढं ४२०० होते.

जूनच्या मध्यात १६०० चा भाव चालू होता. आई म्हणाली, "आरे निम्मा तरी काढ, घरात पैसा येऊदे." मी म्हणलो, "आई, थांब ना, गेल्या साली पण जूनमधे असंच होतं." असंच नव्हतं. ज्या साली भाव मिळाला ते साल लक्षात राहतं, आन गेल्या साली भाव का वाढला, माल किती कमी होता, यंदा शेजारच्या प्रत्येक चाळीत किती भरलाय, हे आपण बघतच नाही. सगळे एकाच आशेवर थांबले की सगळ्यांचा माल एकदमच बाहेर येणार ना.

ऑगस्टमधे बोळात गेलं की वास यायला लागला. खालच्या जाळीतून पाणी गळत होतं, हात घातला तर काजळी (काळी बुरशी) आन मोड. दर आठवड्याला चार बाया लावून निवडला. दिवाळीला २५० क्विंटलमधला १६५ निघाला, ११५० ने गेला. हिशोब करा, जूनमधे ४ लाख होत होते, हातात आले १ लाख ८९ हजार ७५०, त्यातून मजुरी वेगळी.

चाळीचा यात काहीच दोष नाही हे मुद्दाम सांगतो, भिजलेला माल कुठल्याच चाळीत टिकत नाही. म्हणून बांधणाऱ्यांना विनंती, माल भरतानाच वहीत विकायच्या तारखा लिहून घरच्यांना दाखवा. आमचं आता ठरलंय, तिसरा हिस्सा जूनमधे, तिसरा ऑगस्टला पोळ्याच्या आत, भाव काय असेल तो असो, आन राहिलेल्या हिश्श्यावरच आशा ठेवायची. भिजलेला किंवा जोड (एकात दोन असलेला) कांदा चाळीत टाकायचाच नाही, तो लगेच मार्केटला. वही आईकडं आहे.

५ पैकी ४. बघायला यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या, तेव्हा चाळ रिकामी असते आन खालच्या जाळीची वेल्डिंग नीट दिसते.